हाताचं माप

वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघ,
आधी हात बघ.
चपलेसारखंच असतं हे, माप चुकलं की चावतं.

व्हर्लीन स्टॅम्पर आल्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी.
दुकान रिकामं. गहाणातल्या गिटारी, करवती, भिंतीवर बंदुका,
आणि बाहेर केंटकीचा डोंगर उतरणारे कोळशाचे ट्रक.
हातमोजे काढून काउंटरवर ठेवले, एकावर एक,
चर्चच्या बाकावर ठेवावेत तसे.
बोटांचे सांधे अक्रोडासारखे.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
याच हातांनी मक्याचा पाव कापला.
माझ्याही ताटात पडलाय,
कडेचा खरपूस तुकडा, न मागता.

"घरात ठेवायला हवंय," म्हणाल्या. "एकटी असते."

मी आधी ते चपटं काळं दिलं, हल्ली सगळे तेच नेतात.
स्लाइड मागे ओढायला सांगितली.
अर्ध्यावर आली, अडली.
ओठ आवळून पुन्हा ओढली,
मग हळूच खाली ठेवलं,
परक्याचं बाळ परत द्यावं तसं.

दुसरं लहान होतं, पर्समध्ये मावेलसं.
मी खरं तेच सांगितलं: लहान म्हणजे सोपं नव्हे,
जितकं हलकं तितका धक्का जास्त,
मनगटाला विचारून घ्या.
त्या हसल्या. "माणसांचंही तसंच."

शेवटी रिव्हॉल्व्हर. जुन्या वळणाचं, सहा घरांचं.
ओढायचं काही नाही, विसरायचं काही नाही.
चाप तेवढा जड,
मुद्दाम दाबल्याशिवाय दबत नाही.
"मुद्दाम," त्या म्हणाल्या.
बंदुकीआधी शब्दच तोलून पाहिला.

मग मी तो प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारतो,
धंद्याचा प्रश्न आहे, त्यात वाईट हेतू नसतो:
समजा रात्री दार उघडलं, समोर कोण दिसतं तुम्हाला?
कुणी म्हणतं, तोंड बांधलेला. कुणी म्हणतं, दोघं.
एकजण म्हणाला होता, अस्वल.

त्या काचेखाली बघत राहिल्या.
"उंच आहे. डावखुरा.
मागच्या दाराची तिसरी पायरी वाजते,
ती तो चुकवतो."

कोल्बीला मी ओळखतो.
नऊ वर्षांचा असताना आमच्या संघात चेंडू टाकायचा,
हरला की टोपीत तोंड खुपसून रडायचा.
खाणीत पाठ गेली, तेव्हा पाठीसाठी गोळ्या,
मग नुसत्याच गोळ्या,
मग जे मिळेल ते.
मार्चपासून व्हर्लीनबाईंच्या घरात टीव्ही नाही,
हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

फॉर्म भरायला चष्मा आणला नव्हता, मीच वाचून दाखवला.
तुम्ही फरार आहात का. नाही.
तुम्हाला नशेची सवय आहे का.
पेन जरा वर थांबलं.
"मला नाही," त्या म्हणाल्या.

पैसे रोख दिले, विसाविसाच्या नोटा, दोनदा मोजून.
मी गोळ्यांचा डबा पिशवीत घालत होतो,
त्यांनी हात आडवा केला.
"त्या नकोत. घरात गोळ्या नकोत."
मग हा नुसता लोखंडाचा तुकडा झाला, मी म्हणालो.
घाबरून जाईल या भरवशावर कुणी बंदूक घेऊ नये,
हेही म्हणालो, हे मी प्रत्येकालाच सांगतो.
"आवाज ओळखला तरी पुरे," म्हणाल्या.
"लहानपणी मी नुसती ताटली ठेवली की यायचा."
हातमोजे घालायला त्यांना फार वेळ लागला.

डबा ड्रॉवरमध्ये आहे. वर चिठ्ठी: स्टॅम्पर.

परवा कोल्बी आला, ड्रिल मशीन विकायला.
चार्जर नव्हता, तरी घेतलं.
आई बरी आहे, म्हणाला.
डावा तळवा काचेवर टेकवून
आत बघत राहिला,
आणि पैसे मोजून होईपर्यंत मी
ड्रॉवरला पाठ लावून उभा होतो.